नोंदीत नसलेली गाडी

२०१६ सालच्या ऑगस्टअखेरचे आणि पुढे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातले दिवस सिंगापुरात तेव्हा राहणाऱ्या मंडळींना आठवत असतील. सर्कल लाइनवरच्या गाड्या चालता चालता मध्येच थांबत. या मार्गावर चालक नसतो. गाडी आणि नियंत्रण यंत्रणा यांच्यात बिनतारी संदेशांची देवाणघेवाण चालू असते आणि तो संदेश तुटला की सुरक्षिततेसाठी गाडी स्वतःहून आणीबाणीचा ब्रेक लावते. ब्रेक नीट लागत होते, म्हणजे सुरक्षा यंत्रणा आपले काम चोख करीत होती. पण संदेश का तुटतो याचा पत्ता लागत नव्हता. आज या स्थानकाजवळ, उद्या त्या; कधी सकाळी, कधी रात्री. कामावर जाणारे हजारो लोक बोगद्यात घड्याळाकडे पाहत उभे आणि वर अभियंते बुचकळ्यात.

अखेर दोषी सापडला तो रुळांवर किंवा बोगद्यात नव्हे, नोंदींच्या एका यादीत. गंमत अशी, की त्या यादीत त्याचे नाव नव्हते. ही हकिगत सांगण्यापूर्वी नोंदी ठेवण्याच्या आणि वाचण्याच्या परंपरेकडे थोडे वळू या. आम्हा संगणकवाल्यांना वाटते की 'लॉग' ही आमच्या धंद्यातली चीज आहे. ती तशी नाही, आणि तिच्या इतिहासात मुंबई, पुणे आणि सिंगापूर तिन्ही येतात.

ओंडका आणि वही

लॉग म्हणजे मुळात ओंडका. शिडाच्या जहाजांच्या काळात वेग मोजण्यासाठी एक लाकडी फळी दोरीला बांधून जहाजाच्या मागच्या बाजूने पाण्यात टाकीत. दोरीला ठराविक अंतरावर गाठी मारलेल्या असत. वाळूचे घड्याळ उलटे करायचे आणि ते रिकामे होईपर्यंत हातातून किती गाठी सरकल्या ते मोजायचे. जहाजाचा वेग आजही 'नॉट'मध्ये म्हणजे गाठींमध्ये सांगतात तो यामुळेच. हा आकडा, वारा, दिशा आणि हवामान ज्या वहीत रोज उतरवीत तिला लॉगबुक म्हणू लागले.

अशा वह्यांचा एक विलक्षण वाचक आपल्या मुंबईशी आणि सिंगापूरशीही जोडलेला आहे. जेम्स हॉर्सबर्ग हा स्कॉटलंडमधल्या फाइफ परगण्यातला खलाशी. १७८६ मध्ये त्याचे 'अ‍ॅटलस' हे जहाज चुकीच्या नकाशामुळे दिएगो गार्सिया बेटावर आपटून फुटले. तेव्हापासून समुद्रमार्गांची अचूक माहिती गोळा करण्याचा त्याला ध्यास लागला. पुढे मुंबई आणि चीन यांच्या दरम्यानच्या व्यापारात तो 'अ‍ॅना' या जहाजाचा कप्तान झाला. या प्रवासांत, १८०२ ते १८०४ या काळात, त्याने वायुभारमापकाच्या नोंदी नेमाने ठेवल्या. एकेक आकडा पाहिला तर त्यात काही नव्हते. पण महिनोन्‌महिन्यांचे आकडे एकाखाली एक मांडल्यावर दिसले, की उष्ण कटिबंधातल्या खुल्या समुद्रावर हवेचा दाब चोवीस तासांत दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, आणि किनाऱ्याजवळ आले की ही लय मंदावते. हा निबंध १८०५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. स्वतःच्या आणि इतर कप्तानांच्या वह्यांच्या आधारे त्याने पूर्वेच्या समुद्रांसाठी जे मार्गदर्शक ग्रंथ रचले ते दोन-तीन पिढ्यांच्या नाविकांनी उशाशी ठेवले. १८१० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला आपला जलालेखक नेमले.

सिंगापूरच्या पूर्वेला पेद्रा ब्रांका या खडकावर १८५१ मध्ये उजळलेले दीपगृह त्याच्याच नावाचे आहे. २००८ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तो खडक मलेशियाचा नसून सिंगापूरचा असल्याचा निर्णय दिला तेव्हा हॉर्सबर्ग दीपगृहाचे नाव वर्तमानपत्रांत पुष्कळदा आले. पण तो माणूस मुळात नोंदींचा वाचक होता आणि त्याची शाळा मुंबईच्या जहाजावर भरली होती, हे फारसे कोणी सांगत नाही.

पेशव्यांची रोजकीर्द

जमिनीवरची नोंद ठेवण्यात आपली मराठी मंडळी कोणाला हार जाणारी नव्हती. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात रोजच्या रोज हुकूम, जमाखर्च, इनामे, निवाडे, दंड, नेमणुका मोडी लिपीत उतरवल्या जात. लिहिणाऱ्या कारकुनाला पुढे कोण काय शोधणार याची कल्पना नसे. आज अमुक गावाला दुष्काळामुळे सूट दिली, उद्या तमुक किल्ल्यावर धान्य पाठवले, एवढेच त्याचे काम. पुढे हे सारे कागद रुमालांत बांधून पुण्यात साठवले गेले.

या रोजनिशांतून गणेश चिमणाजी वाड यांनी उतारे निवडले आणि न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली त्यांवर आपला प्रसिद्ध प्रास्ताविक निबंध लिहिला. बखरींत लढाया आणि तह असतात. रयत कशी जगत होती, कर कसे घेतले जात, न्याय कसा मिळे, कोणत्या सामाजिक बाबतींत सरकार हात घाली, हे रानड्यांना या रुक्ष रोजच्या नोंदींत सापडले. बखर लिहिणारा काय सांगायचे ते ठरवून लिहितो. रोजकीर्द लिहिणारा ठरवीत नाही. म्हणून तिचा पुरावा भक्कम, आणि म्हणूनच ती वाचायला अवघड. प्रश्न मनाशी धरल्याखेरीज ती बोलतच नाही. संगणकाच्या लॉगचेही अगदी हेच आहे.

सूप, चाळणी आणि नळी

प्रत्येक संगणक सतत रोजकीर्द लिहीत असतो. अमुक वाजता अमुक व्यक्ती आत आली, अमुक फाइल उघडली, अमुक यंत्राने उत्तर दिले नाही. एका ओळीत एक घटना. बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला 'सेंडमेल' हा टपाल पोचवणारा प्रोग्राम लिहिला. त्याच्या जोडीने आलेली 'सिसलॉग' ही नोंदपद्धत इतकी सोयीची ठरली, की पुढे बहुतेक यंत्रांनी तीच उचलली. व्यस्त यंत्र दिवसाला लाखो ओळी लिहिते. त्या डोळ्यांनी वाचणे म्हणजे समुद्राचे पाणी ओंजळीने मोजणे.

यावरचा उपाय अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत, युनिक्स प्रणालीच्या घरात, तयार झाला. डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात म्हटले होते, की बागेतल्या पाण्याच्या नळ्या एकमेकींना जोडतो तसे प्रोग्राम जोडता आले पाहिजेत. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी एका रात्रीत ही सोय युनिक्समध्ये घातली. तिला 'पाइप' म्हणतात. एका प्रोग्रामातून निघालेले अक्षरांचे पाणी सरळ दुसऱ्यात जाते.

'ग्रेप' या सर्वांत प्रसिद्ध आज्ञेची जन्मकथा तर इतिहासाच्या अभ्यासाशीच जोडलेली आहे. ली मॅकमहॉन या सहकाऱ्याला 'फेडरलिस्ट पेपर्स' या १७८७-८८ च्या ८५ राजकीय निबंधांच्या भाषेचा अभ्यास करायचा होता, कारण त्यांतल्या काहींचा लेखक कोण याबद्दल वाद होता. तेव्हाच्या संपादक प्रोग्रामाच्या तुटपुंज्या स्मृतीत एवढा मजकूर मावेना. ब्रायन कर्निगन यांनी सांगितल्याप्रमाणे थॉम्पसन यांनी संपादकातला शोधण्याचा भाग वेगळा काढला आणि दुसऱ्या दिवशी ग्रेप हजर झाला. १९७७ मध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निगन यांनी आपल्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून 'ऑक' आणला. तो प्रत्येक ओळीचे रकाने पाडतो आणि हव्या त्या रकान्यावर हिशेब करतो.

घरातल्या भाषेत सांगायचे तर हे धान्य निवडण्याचे काम आहे. ग्रेप म्हणजे सूप: 'अयशस्वी' हा शब्द असलेल्या ओळी ठेव, बाकीच्या पाखडून टाक. ऑक म्हणजे हव्या त्या रकान्याची मूठ. 'सॉर्ट' सारखे सारख्याजवळ लावतो. 'युनिक' सारख्यांचा ढीग करून किती आहेत ते मोजतो. यात एक खुबी आहे. युनिकला फक्त शेजारशेजारच्या सारख्या ओळी ओळखू येतात, म्हणून आधी सॉर्ट आणि मग युनिक. नवशिके इथे हमखास अडखळतात आणि चुकीचा आकडा साहेबांपुढे ठेवतात. शेवटी पुन्हा सॉर्ट केले की सर्वांत मोठा ढीग वर येतो. चार नळ्या जोडल्या की लाख ओळींतून दहा ओळी उरतात. त्या दहा मात्र माणसानेच वाचाव्या लागतात.

नोंदीतली विसंगती किती लहान असू शकते याचे प्रसिद्ध उदाहरण १९८६ चे आहे. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाला संगणक वापराच्या हिशेबातली ७५ सेंटची तफावत शोधायला सांगितली गेली. दुसऱ्या कोणी ती खोडून टाकली असती. स्टॉल नोंदींमागे लागला आणि माग काढत काढत जर्मनीतल्या हानोफर शहरात पोचला. तिथून मार्कुस हेस हा तरुण अमेरिकेच्या लष्करी संगणकांत शिरून मिळालेली माहिती सोव्हिएत हेरखात्याला विकत होता.

वेळेचा घोळ

नोंदींच्या वाचनात सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे वेळ. प्रस्तुत लेखकाची एक फजिती इथे कबूल करतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका कंपनीत रात्री यंत्रणा बंद पडली. एक यंत्र सिंगापुरात, दुसरे पुण्यात. मी दोन्हींचे लॉग एकत्र करून सॉर्ट केले आणि छातीठोकपणे सांगितले, की बिघाडाच्या दोन तास आधी पुण्याच्या मंडळींनी काहीतरी बदल केला आहे. पुण्याच्या बिचाऱ्या मुलाला रात्री फोन करून जाब विचारला गेला. सकाळी लक्षात आले, की दोन्ही यंत्रे आपापल्या गावची वेळ लिहीत होती आणि आपल्यात अडीच तासांचे अंतर आहे. त्याचा बदल बिघाडाच्या नंतरचा होता. तो तर दुरुस्तीचा प्रयत्न करीत होता! मी त्याची माफी मागितली. तो हसला, पण रात्रभर त्याच्या माथी बसलेला आळ माझ्या सॉर्टने लावला होता.

जुन्या सिसलॉगच्या ओळीत महिना, तारीख आणि वेळ असे. वर्ष नसे आणि कोणत्या देशाची वेळ तेही नसे. २००९ च्या सुधारित मानकात या दोन्हींची सोय झाली. सिंगापूरकरांना तर हे विशेष कळावे. ३१ डिसेंबर १९८१ च्या रात्री इथली घड्याळे साडेअकराला अर्धा तास पुढे करून थेट बारावर नेली गेली. त्या वर्षाचा शेवटचा अर्धा तास सिंगापूरच्या कोणत्याही वहीत नाही. कोणी तो शोधू लागला तर नोंदी हरवल्या असे त्याला वाटेल. प्रत्यक्षात तो अर्धा तास उजाडलाच नाही.

पीव्ही ४६

आता सर्कल लाइनकडे परत येऊ. शनिवार, ५ नोव्हेंबर २०१६ रोजी सिंगापूर सरकारच्या गव्हटेक या संस्थेतल्या तिघा डेटाशास्त्रज्ञांपुढे प्रसंगांची यादी ठेवली गेली. रकाने मोजके: दिनांक आणि वेळ, ठिकाण, गाडीचा क्रमांक, दिशा. त्यांनी पायथन ही भाषा वापरली, पण काम तेच, निवडणे, लावणे, मोजणे.

त्यांनी आधी वेळेनुसार ढीग केले. प्रसंग दिवसभर पसरलेले. ठिकाणानुसार केले. ते सगळ्या मार्गावर पसरलेले. गाडीच्या क्रमांकानुसार केले. जवळजवळ सगळ्याच गाड्यांना त्रास झालेला. इथे कोणीही हात टेकले असते. प्रत्येक रकाना वेगळा मोजला तर उत्तर एकच येत होते: यात काही सूत्र नाही.

मग त्यांनी वेळ आणि ठिकाण हे दोन्ही रकाने एकत्र मांडले. १९व्या शतकात फ्रान्समध्ये पॅरिस ते ल्यों मार्गाच्या गाड्यांचे वेळापत्रक एका आलेखात दाखवले गेले होते. एका अक्षावर वेळ, दुसऱ्यावर स्थानके, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. एत्येन-ज्यूल मारे यांच्या पुस्तकामुळे तो प्रसिद्ध झाला. त्या धर्तीवर ठिपके मांडताच ते रांगेत येऊ लागले. एका गाडीला फटका बसला, की थोड्याच वेळात त्याच दिशेने जाणाऱ्या तिच्या मागच्या गाडीला बसे, मग तिच्या मागचीला. जणू काहीतरी त्यांच्या समोरून येऊन एकेकीला चाटून पुढे जात होते.

समोरून काय येणार? शेजारच्या रुळावरून उलट दिशेने जाणारी दुसरी गाडी! ती स्वतः अडत नव्हती, म्हणून प्रसंगांच्या यादीत तिचे नाव येत नव्हते. ज्यांना त्रास झाला त्यांच्याच नोंदी होत्या, ज्याने दिला त्याची नव्हती. या तर्कावर त्यांनी सगळे प्रसंग पडताळले. २५९ पैकी १८९, म्हणजे ७३ टक्के, एका फिरत्या गाडीने समजावता येत होते. त्यानंतर अधिकाऱ्यांबरोबर बसून स्थानकांवरच्या चित्रफिती पाहिल्या. ठिपक्यांची रांग ज्या क्षणी ज्या स्थानकावर 'दोषी इथे असला पाहिजे' म्हणून दाखवी, त्या क्षणी तिथे कोणती गाडी होती? पुन्हा पुन्हा उत्तर आले: पीव्ही ४६.

६ नोव्हेंबरच्या रविवारी ती गाडी मुद्दाम चालवून चाचणी घेण्यात आली आणि तर्क खरा ठरला. तिच्या संदेश यंत्रणेतल्या बिघाडामुळे ती चुकीच्या लहरी सोडीत होती आणि जवळून जाणाऱ्या गाड्यांचा संपर्क तोडीत होती. काही महिन्यांचे कोडे एका यादीच्या नीट मांडणीने आठवडाअखेरच्या दोन दिवसांत सुटले.

ओळी दिसल्या, पण

या कथेने हुरळून जाऊन 'लॉग असले की सगळे सापडते' असे म्हणावेसे वाटते. त्याला उतारा म्हणून सिंगापूरचीच दुसरी हकिगत सांगितली पाहिजे. २०१८ च्या २७ जून ते ४ जुलै या काळात सिंगहेल्थ या सार्वजनिक आरोग्य समूहाच्या डेटाबेसमधून सुमारे १५ लाख रुग्णांची वैयक्तिक माहिती चोरली गेली. त्यांतल्या सुमारे १ लाख ६० हजार जणांच्या औषधांचा तपशीलही गेला. तत्कालीन पंतप्रधान ली सिएन लुंग हे त्यांपैकी एक. सिंगापूरच्या इतिहासातली तोवरची ही सर्वांत मोठी माहितीचोरी.

निवृत्त मुख्य जिल्हा न्यायाधीश रिचर्ड मॅग्नस यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीचा अहवाल जानेवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तो प्रत्येक संगणकवाल्याने वाचावा असा आहे. हल्लेखोर ऑगस्ट २०१७ पासूनच आत होते. चोरीच्या आधी, जून २०१८ च्या मध्यास, डेटाबेसमध्ये शिरण्याचे फसलेले प्रयत्न नोंदींत उमटले होते आणि यंत्रणा सांभाळणाऱ्या आयएचआयएस या संस्थेच्या कर्मचाऱ्यांच्या ते नजरेसही आले होते. ओळी होत्या. वाचल्याही गेल्या. पण महत्त्वाच्या जागी असलेल्या काहींनी त्यांचा अर्थ ओळखून वेळीच वर कळवले नाही. ४ जुलैला डेटाबेस सांभाळणाऱ्या एका कर्मचाऱ्याला नेहमीपेक्षा वेगळ्या, प्रचंड मोठ्या मागण्या चालू असलेल्या दिसल्या आणि त्या थांबवल्या गेल्या, म्हणून चोरी तिथे थांबली. तरीही सायबर सुरक्षा संस्थेला १० जुलैला कळले आणि जनतेला २० जुलैला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी नेमलेल्या आयोगाने आयएचआयएसला साडेसात लाख आणि सिंगहेल्थला अडीच लाख सिंगापूर डॉलर दंड केला.

सर्कल लाइनच्या यादीत दोषीची एकही ओळ नव्हती, तरी तो दोन दिवसांत सापडला. सिंगहेल्थच्या नोंदींत त्याच्या पाऊलखुणा होत्या, तरी माल जाईपर्यंत तो मोकळा फिरला. सूप आणि चाळणी दोन्हीकडे उपलब्ध होती. फरक पडला तो माणसांमुळे. पहिल्या ठिकाणी यादी कोणीतरी मुद्दाम बाहेरच्या ताज्या डोळ्यांपुढे ठेवली आणि 'हे विचित्र आहे' म्हणण्याची सगळ्यांना मुभा होती. दुसऱ्या ठिकाणी विचित्र दिसलेली गोष्ट सांगावी की खात्री होईपर्यंत थांबावे या विचारात दिवस गेले.

आमच्या धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी ग्रेप आणि ऑक शिकवतो. आज यंत्रेच नोंदी वाचून सारांश देऊ लागली आहेत, मग हे कशाला, असे ते विचारतात. मी त्यांना पुण्याच्या त्या मुलाची गोष्ट सांगतो. माझ्या सॉर्टने त्याच्यावर आळ घेतला तेव्हा आज्ञेत चूक नव्हती, प्रश्नात होती. आणि मग सांगतो, की दहा ओळी उरल्या आणि त्यांत काही खटकले, तर पुरते समजण्याची वाट पाहू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी मला फोन करा. दहापैकी नऊ वेळा ते काही नसते, आणि त्या नऊ वेळा झोपमोड झाल्याबद्दल मी कोणाला रागावत नाही.